भिंतीवरची बुरशी आणि तिची तपासणी

रांध्यात, किंबहुना साऱ्या दादरा-नगर हवेलीत राहणाऱ्या माणसास ओलीचे नवल सांगावयास नको. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. श्रावणात कोनाड्यातल्या चपला हिरव्या होतात, पेटीतल्या सणासुदीच्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि आमच्या शाळेच्या फडताळातील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी लव चढते. हे आपण सारे लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग एवढ्या जुन्या गोष्टीसाठी या स्मरणिकेची पाने अडविण्याचे कारण काय, असे कोणी विचारील.

कारण असे की, गेल्या पावसाळ्यात आपल्या ट्रस्टच्या मदत समितीकडे एक अर्ज आला. घरातील हवेची 'बुरशी तपासणी' करून घेण्यासाठी काही हजार रुपये मिळावेत, अशी त्यात विनंती होती. अर्जदार कारखान्यात कामास जाणारे गृहस्थ, चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहणारे. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात. समितीने तो अर्ज चौकशीसाठी आमच्याकडे दिला, आणि आम्ही थोडे ओशाळलो. कारण त्याच भिंतीविषयी त्या गृहस्थांनी आदल्या वर्षी आम्हांला विचारले होते, आणि आम्ही पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक असून "ईदच्या आधी चांगला ऑइलपेंट काढून टाका" एवढेच सांगून मोकळे झालो होतो. त्यांनी तो काढला. दोन महिन्यांत त्याचे पोपडे सुटले आणि खाली पहिल्याहून मोठा काळा डाग निघाला. हजेरीपट उघडून पाहिला तर मुलाचे खाडे जुलै ते सप्टेंबर याच महिन्यांत दाटलेले. रात्री छातीत घरघर, सकाळी शाळा नाही. आजी म्हणाली, "मास्तर, रंग काढला की बरं होईल म्हणालात, पण पोराचा दमा काही हटला नाही."

तेव्हापासून आम्ही या विषयाचे जे वाचन व चौकशी केली, तिचा सारांश येथे देत आहोत.

बुरशी ही काही बाहेरून चालून आलेली बला नव्हे. तिची बीजे, ज्यांना बीजाणू म्हणतात, ती केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असून हवेत सर्वत्र तरंगत असतात. आपल्या घरात, शेतात, दवाखान्यातही. ती संपूर्ण काढून टाकणे कोणासही शक्य नाही. पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन बनले तेही बुरशीपासूनच. आपला प्रदेश पोर्तुगीजांच्या हातून सुटला त्याच १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, हा योगायोग मुलांना सांगावयास आम्हांस आवडतो. बीजाणूला वाढण्यास खाद्य लागते, ते तर रंग, कागद, लाकूड, प्लायवूड, भिंतीवरची धूळ यांत भरपूर आहे. ऊबही आपल्याकडे बारमाही. उणीव एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे पाण्याची. एखादी वस्तू एक-दोन दिवस ओली राहिली की वाढ सुरू होऊ शकते. म्हणून भिंतीवरची बुरशी म्हणजे, पाणी कोठून तरी येत आहे आणि वाळत नाही, एवढीच बातमी होय.

आपल्या भागातील जुनी घरे आठवून पाहावी. कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचे लिंपण, वर कौले. ओल त्या घरांतही येई, पण कौलांच्या फटींतून वारा खेळे, चुलीची धग असे, आणि सारवण वारंवार नवे होई. (त्या धुराने डोळ्यांचे व छातीचे जे नुकसान होई ते विसरून आम्ही जुन्याचे गोडवे गाणार नाही.) आता स्लॅबची घरे आली. काँक्रीट आणि गिलावा यांत पाणी मुरलेले असते. तो पुरता वाळण्याआधीच घाईने रंग देतात आणि वास्तव्यास जातात. न्हाणीघर घरातच, स्वयंपाकाची वाफ घरातच, पावसाळ्यात कपडेही घरातच वाळत घातलेले, आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून पोलादी कपाट. त्या कपाटामागे वर्षातून एकदा डोकावून पाहावे.

प्रकृतीवर काय परिणाम होतो, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, आम्ही आयुष्यभर यातच राहिलो, काही झाले नाही. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बहुधा खरेही असते. परंतु दमेकरी मुले, वारंवार सर्दी-शिंका येणारे, आणि पूर्वी क्षयरोग होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेले लोक यांची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांत श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो, हे तीत स्पष्ट म्हटले आहे. दुसरे टोक भीतीचे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघर झाला, आणि तेव्हापासून भिंतीवर काळा ठिपका दिसला की माणसे घाबरतात. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना व स्टेरॉइडची औषधे घेतलेल्यांना झाला, आणि त्यातला काळा रंग हा मृत झालेल्या मांसाचा होता. भिंतीवर जी काळी बुरशी दिसते ती बहुधा क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस अशा अन्य जातींची असते. काळ्या रंगावरून जात ओळखता येत नाही, आणि धोकाही मोजता येत नाही.

विलायतेतील एक गोष्ट वाचून मात्र आमची झोप उडाली. तेथील रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचा, सुदानहून आलेल्या कुटुंबातील मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. वय अवघे दोन वर्षे. घरातील बुरशीच्या दीर्घ सहवासाने श्वसनाचा विकार होऊन हा मृत्यू झाला, असा निर्णय तेथील मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. वडिलांनी वर्षानुवर्षे तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आले होते की, वरून रंग काढा. आमचाच सल्ला! पुढे २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिचा पहिला टप्पा अमलात आला. तेथील सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांत ओल-बुरशीचा गंभीर धोका कळविला गेल्यास दहा कामकाजी दिवसांत चौकशी करावी लागते. तातडीचा धोका असल्यास चोवीस तासांत तो दूर करावा लागतो.

आता तपासणीविषयी. हिची दोन अंगे आहेत, आणि ती वेगळी ओळखली नाहीत तर पैसा वाया जातो. पहिले अंग पाहणीचे. जाणकार माणूस घरात फिरतो, वास घेतो, छत, गच्ची, नळ, जोते पाहतो. त्याच्याजवळ ओल मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र असते. सुया भिंतीला टेकवल्या की त्यांमधून वीज किती सहज जाते यावरून ओलीचा अंदाज येतो. कोणी उष्णता दाखविणारा कॅमेरा आणतात. त्यात भिंतीचा थंड भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. ओल असलेला भाग बहुधा थंड असतो, पण प्रत्येक थंड भाग ओला नसतो, म्हणून सुयांनी ताळा घ्यावा लागतो.

दुसरे अंग नमुन्याचे. पंपाने ठरावीक हवा एका चिकट काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजतात, किंवा डागावर चिकटपट्टी लावून उचलतात, किंवा बशीत पोषक द्रव्यावर बुरशी वाढवितात. अहवालात लॅटिन नावे व आकडे येतात. भीती वाटण्यास एवढे पुरे. परंतु अमुक आकड्याच्या खाली घर निर्धोक आणि वर घातक, अशी सर्वमान्य रेषाच अस्तित्वात नाही. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेनेही बुरशीसाठी असा आकडा दिलेला नाही. सकाळचा आकडा आणि झाडलोट केल्यानंतरचा आकडा यांतही अंतर पडते. त्याच दिवशी घराबाहेरच्या हवेचा नमुना घेतला नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ उरत नाही; आणि आपल्याकडे भातशेतीच्या दिवसांत बाहेरची हवा कशी असते ते निराळे सांगावयास नको. उघडी बशी टेबलावर ठेवून "पाहा किती उगवले" असे दाखविणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करावा. ती कोणाच्याही घरात उगवते. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याचेही म्हणणे हेच की, बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना तपासण्याची गरज नाही.

मग तपासणी कधीच करू नये काय? तसे नाही. वास येतो पण काही दिसत नाही, छातीच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले आहे, घरात अवयवरोपण झालेला रोगी आहे, किंवा बांधकाम करणाऱ्याशी तंटा ग्राहक न्यायालयात गेला आहे, अशा वेळी ती उपयोगी पडू शकते. तेव्हाही एक पथ्य पाळावे: जो औषधफवारणी विकतो त्याच्याकडूनच तपासणी करून घेऊ नये.

अर्जदारांच्या खोलीत आम्ही एका अनुभवी गवंड्यास घेऊन गेलो. त्याने प्रथम डागावर पाण्याचा थेंब सोडला. पांढरा क्षार असेल तर विरघळतो, बुरशी विरघळत नाही. कित्येक घरांत लोक क्षारालाच बुरशी समजतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल तर ती जोत्यातून चढलेली असण्याचा संभव अधिक. येथे डाग छताजवळच्या कोपऱ्यात होता. मग प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवला. खोलीकडच्या बाजूस दव जमले असते तर पाणी हवेतले, म्हणजे वाफेचे. थेंब मागच्या, भिंतीकडच्या बाजूस निघाले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होते. पाऊस चार दिवस थांबला तरी डाग तसाच, तेव्हा गच्चीवरचा संशय मिटला. राहिली वरच्या मजल्यावरची मोरी. तिचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरले, त्यात खाण्याचा लाल रंग कालविला. तिसऱ्या दिवशी खालच्या कोपऱ्यात गुलाबी ओघळ उतरला.

घरमालक तोवर म्हणत होते की, भाडेकरूंच्या स्वयंपाकाच्या वाफेनेच हे होते. ओघळ पाहिल्यावर त्यांनी बोलणे थांबविले. मात्र पैसे काढावयास आणखी एक महिना लावला. मोरीचा सांधा उघडून नवा बसविला. तपासणीसाठी मागितलेल्या रकमेच्या निम्म्यातही तो खर्च बसला, आणि त्यातील थोडा भाग समितीने दिला. भिंत वाळण्यास दिवाळी उजाडली. त्यानंतरच पोपडे खरवडले.

साफ करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. डाग तीन फूट लांब-रुंद जागेत मावत असेल तर घरच्या माणसाने साबणाच्या पाण्याने पुसावा. त्याहून मोठा असेल तर माहितगाराला बोलवावे. तोंडाला एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे असावेत, आणि दमेकऱ्याला त्या दिवशी शेजारी पाठवावे. कोरड्या केरसुणीने किंवा ब्रशाने घासू नये, बीजाणू साऱ्या घरात उडतात. बुरशी चढलेली गादी व फुगलेले प्लायवूड यांचा मोह सोडावा. आणि ब्लीचिंगचे पाणी व संडास धुण्याचे ॲसिड ही दोन कधीही, चुकूनही, एकत्र करू नयेत; त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

पुस्तके सांगतात की घरातील आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत ठेवावी. आषाढात बाहेरच ऐंशी-नव्वद टक्के असताना ती कोठून आणावयाची, हे पुस्तके सांगत नाहीत. पंखा चालू ठेवावा, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावे, मोरीतली वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवावा, आणि उघडीप पडली की सारी दारे-खिडक्या उघडाव्यात. एवढेच आपल्या हाती आहे.

त्या घरातील मुलाची हजेरी यंदा सुधारली आहे, पण दमा गेलेला नाही; त्याचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे, आणि ते भिंत कोरडी झाली म्हणून बंद करू नये असे आम्ही घरी बजावले आहे. दुसऱ्या खोलीच्या जोत्यातून चढणाऱ्या ओलीचा प्रश्न घरमालकांकडे अजून पडून आहे.

समितीने ओल मोजण्याचे एक यंत्र विकत घेतले आहे. ते ट्रस्टच्या कार्यालयात नोंदवहीत सही करून दोन दिवसांसाठी कोणाही सभासदास मिळेल. त्यावरील टक्के लाकडासाठी आहेत. गिलाव्यावर तो आकडा खरा धरू नये, कोरडी भिंत आणि संशयित भिंत यांची तुलना तेवढी करावी. क्षार असलेल्या भिंतीवर यंत्र वाजवीपेक्षा जास्त ओल दाखविते. परत करताना सुया पुसाव्यात आणि आतला सेल काढून वेगळा द्यावा.