परदेशातले कॅनडाकर

जुलै २००६ मध्ये इस्रायल आणि हिजबुल्लाह यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा लेबनॉनमध्ये चाळीस ते पन्नास हजार कॅनेडियन नागरिक असावेत असा अंदाज निघाला. इतकी माणसं तिथे करत काय होती, असा प्रश्न ओटावात पुष्कळांना पडला. शाळांना सुट्टी लागली होती, एवढंच बहुतेकांचं कारण होतं. मॉन्ट्रियलची नातवंडं आजोळी गेली होती. कुणी म्हातारपणी गावी परतलं होतं. कॅनडाने जहाजं भाड्याने घेतली, बैरूतच्या बंदरातून माणसं सायप्रस आणि तुर्कस्तानला काढली आणि तिथून विमानांनी घरी नेली. पंतप्रधान स्टीफन हार्पर तेव्हा युरोपात होते. त्यांनी स्वतःचं विमान सायप्रसला वळवून काही कुटुंबांना सोबत आणलं. सुमारे पंधरा हजार लोक सुटले आणि खर्च नऊ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

कौतुक फार दिवस टिकलं नाही. युद्ध थांबल्यावर त्यातले काही जण परत लेबनॉनला गेले, आणि ‘सोयीचे कॅनेडियन’ हा टोमणा कॅनडाच्या राजकारणात रुजला. संकट आलं की पासपोर्ट काढायचा, एरवी कर बाहेर भरायचा, असा त्याचा रोख. परदेशातल्या कॅनेडियन कुटुंबांच्या पुढच्या दोन दशकांवर या टोमण्याची छाया आहे.

आपल्याकडे परदेशी गेलेल्या माणसाचं काय करायचं हे निदान सरकारी पातळीवर ठरलेलं आहे. ‘एनआरआय’ हा घराघरातला शब्द आहे आणि २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस ठरलेला आहे. फ्रान्सने तर परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात अकरा जागा ठेवल्या आहेत. कॅनडाकडे असं काही नाही. येणाऱ्याचं स्वागत कसं करायचं, त्याला भाषा कशी शिकवायची, शपथ कशी द्यायची, याची तिथे पक्की घडी बसली आहे. जाणाऱ्यासाठी मात्र त्या देशाकडे फारशी कल्पना नाही. तो फक्त त्याचे दिवस मोजतो. जन्म, शिक्षण, मतदान, आजारपण, पेन्शन, कुठलाही टप्पा घ्या, ‘तुम्ही कॅनडात किती दिवस होता?’ हा प्रश्न आलाच. मला तर वाटतं की परदेशातल्या कॅनेडियन घराचा खरा कौटुंबिक इतिहास अल्बममध्ये नसतो, तो जुने पासपोर्ट, भाडेकरार आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकांच्या फायलीत असतो.

ही माणसं थोडीथोडकी नाहीत. स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये सुमारे चाळीस लाख कॅनेडियन नागरिक देशाबाहेर राहत होते. त्यातले निम्म्याच्या आसपास वंशाने नागरिक होते, म्हणजे जन्म बाहेरचा पण आई किंवा वडील कॅनेडियन. सर्वांत मोठा गट अर्थातच शेजारच्या अमेरिकेत आहे. तिथे ते सहज मिसळून जातात. फक्त ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, बहुतेक अमेरिकन शेजारी कामावर गेलेले असताना, त्यांच्या घरी टर्की भाजत असते. कॅनडाचा थँक्सगिव्हिंग तेव्हा येतो, अमेरिकेचा थेट नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. मुलांची मात्र चंगळ, दोन्हीकडे जेवायचं.

परदेशात राहणारं कॅनेडियन घर ही काही आजची गोष्ट नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं १८७७ पासून होळकरांच्या इंदुरात होती, म्हणजे मराठी बोलणाऱ्या दरबाराच्या अगदी शेजारी. इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांनीच काढलं. चीनमध्येही अशी मिशनरी घरं होती. चीनमध्ये जन्मलेले आणि पुढे अल्बर्टात वाढलेले चेस्टर रॉनिंग १९५७ ते १९६४ कॅनडाचे भारतातले उच्चायुक्त होते. एका निवडणुकीत विरोधकांनी आवई उठवली की या माणसाला चिनी दाईने पाजलंय, तेव्हा तो अर्धा चिनीच. रॉनिंग यांनी उत्तर दिलं की दूध प्यायल्याने माणूस तसा होत असेल, तर गाईचं दूध प्यालेल्या माझ्या विरोधकांबद्दल न बोललेलं बरं. ती निवडणूक ते जिंकले. बाहेर जन्मलेल्या मुलाच्या कॅनेडियनपणावरची शंका तेव्हापासूनची आहे. पुढे ती कायद्यात आली इतकंच.

कॅनडाचा स्वतःचा नागरिकत्व कायदा १ जानेवारी १९४७ ला अमलात आला. १९७७ च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या पिढीला अट घातली: वयाच्या २८ व्या वर्षाआधी अर्ज करून नागरिकत्व टिकवा, नाहीतर ते आपोआप जाईल. ही अट कित्येकांना ठाऊकच नव्हती. लहानपणी कॅनडात येऊन तिथेच वाढलेल्या, नोकरी करणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसांना तिशीत पासपोर्ट काढायला गेल्यावर कळायचं की आपण नागरिक उरलेलो नाही. ‘हरवलेले कॅनेडियन’ हे नाव अशा लोकांना पडलं.

एप्रिल २००९ मध्ये ही अट गेली आणि तिच्या जागी त्याहून कडक नियम आला. बाहेर जन्मलेल्या पहिल्या पिढीपर्यंतच नागरिकत्व, पुढे नाही. सैनिक आणि सरकारी नोकरांच्या मुलांना तेवढी सूट. लेबनॉनचा राग या नियमात मुरला आहे हे कुणीही ओळखेल. पण त्याची झळ ज्यांना बसली त्यांची गोष्ट वेगळी होती. आईवडील दोन वर्षं परदेशी नोकरीला असताना जन्मलेली आणि पुढे सगळं आयुष्य ओंटारियोत काढलेली मुलगी हाँगकाँगला कामासाठी गेली आणि तिथे बाळंत झाली, तर तिचं बाळ कॅनेडियन ठरत नसे. हाँगकाँगही जन्माने नागरिकत्व देईलच असं नाही, म्हणजे बाळ कुठलंच नसायचं. मग उरायचा एकच उपाय, सातव्या महिन्यात विमानात बसून कॅनडात जायचं. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे, पण ती आईच्या हातच्या डिंकाच्या लाडवांसाठी असते. इथे कायदाच गरोदर बाईला माहेरी धाडत होता, आणि करोनाच्या काळात तर तेही अवघड झालं होतं.

अशी काही कुटुंबं कोर्टात गेली. १९ डिसेंबर २०२३ ला ओंटारियोच्या सुपीरियर कोर्टाच्या न्यायमूर्ती जस्मिन अकबरअली यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला. सरकारने अपील केलं नाही. पहिलं सुधारणा विधेयक संसदेचं सत्रच संपवल्याने बारगळलं. दुसरं, सी-३, नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर होऊन १५ डिसेंबर २०२५ ला लागू झालं. आता बाहेर जन्मलेला पालक त्या तारखेपासून पुढे बाहेर जन्मणाऱ्या आपल्या मुलाला नागरिकत्व देऊ शकतो, पण मुलाच्या जन्माआधी तो पालक एकूण १,०९५ दिवस कॅनडात राहिलेला असला पाहिजे. नव्याने नागरिक होणाऱ्या स्थलांतरितालाही पाच वर्षांत नेमके इतकेच दिवस भरावे लागतात. पणजोबा नोव्हा स्कोशियाचे असोत की काका सिनेटर असोत, दिवस भरा. मला हा नियम त्यातल्या त्यात न्याय्य वाटतो. आडनावावर हक्क देण्यापेक्षा वास्तव्यावर दिलेला बरा.

घराघरांतल्या रोजच्या जगण्याकडे वळलं की हाँगकाँगला पर्याय नाही. १९९७ ला शहर चीनकडे जाणार म्हणून त्याआधीच्या दशकात हजारो कुटुंबं व्हँकुव्हर आणि टोरांटोला गेली. नागरिकत्व मिळालं, पण पैसा हाँगकाँगलाच होता. बाप तिकडे नोकरीत, आई आणि मुलं व्हँकुव्हरला, आणि बाप विमानाने ये-जा करणारा. अशा बापांना कँटोनीज बोलणाऱ्यांनी ‘अंतराळवीर’ म्हणून टाकलं. पुढे मुलंही मोठी होऊन हाँगकाँगला परतली. तिथल्या कॅनेडियनांचा आकडा तीन लाखांच्या घरात सांगितला जातो. १९९१ मध्ये निघालेल्या कॅनेडियन इंटरनॅशनल स्कूलमध्ये चिनी समुद्राकडे बघत मुलं ओंटारियोचा डिप्लोमा मिळवतात. ओंटारियोचाच का? कारण कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय. देशाचा असा डिप्लोमाच नाही. त्यामुळे आशियातल्या शाळांतून कुणी ओंटारियोचं मूल होऊन बाहेर पडतं, कुणी अल्बर्टाचं.

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास साई वानच्या युद्धस्मशानभूमीत कॅनेडियन जमतात. १९४१ मध्ये हाँगकाँगच्या बचावासाठी आलेल्या १,९७५ कॅनेडियन सैनिकांपैकी अनेक जण तिथे आहेत. ज्या मुलांचे आजोबा त्या वेळी जपानी अमलाखाली होते, ती मुलं विनिपेगच्या पोरांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात. इतकं गुंतागुंतीचं कॅनेडियनपण खुद्द विनिपेगमध्येही सापडणार नाही. आणि त्याची किंमतही आहे. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे चिनी वंशाचा कॅनेडियन अडचणीत आला तर कॅनडाच्या दूतावासाला त्याला भेटू दिलं जाईलच असं नाही.

चिनी वंशाचे नसूनही चीनमध्ये अडचणीत आलेल्यांत माजी कॅनेडियन राजनैतिक अधिकारी मायकेल कोव्रिग यांचं नाव घेतलंच पाहिजे. १० डिसेंबर २०१८ ला बीजिंगमध्ये त्यांना उचललं तेव्हा त्यांची जोडीदार सहा महिन्यांची गरोदर होती. मुलगी झाली, बसायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुटून आल्यावर बापाने तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती अडीच वर्षांची होती.

बाकी रोजचं जगणं कुठल्याही परदेशी घरासारखंच, म्हणजे बरंचसं जिभेचं. मेपल सिरप जपून वापरायचं, सुट्टीवरून येणाऱ्याकडून केचप चवीचे चिप्स मागवायचे. टिम हॉर्टन्स ही कॉफीची साखळी एका हॉकीपटूने १९६४ मध्ये हॅमिल्टनला सुरू केली आणि ती कॅनेडियनांच्या मागे कुठेही गेली. २००६ ते २०११ अफगाणिस्तानात कंदाहारच्या लष्करी तळावरही तिचं दुकान होतं. आता ती मुंबईतही आहे. लग्नाचं पाहिलं तर परदेशी रजिस्ट्रारला ‘हा अविवाहित आहे’ असा दाखला हवा असतो आणि कॅनडा तो देत नाही. देतो ते ‘आम्ही असा दाखला देत नाही’ असं सांगणारं अधिकृत पत्र. हे पत्र घेऊन जगभर लग्नं लागतात.

मतदानाचा प्रश्न जास्त चिघळला. १९९३ पासूनच्या नियमाने पाच वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्याचं मत जायचं. अभिनेते डोनाल्ड सदरलंड यांनी २०१५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून संताप व्यक्त केला: माझ्याकडे फक्त कॅनडाचा पासपोर्ट आहे, अमेरिकेचं नागरिकत्व मी घेतलं नाही, तरी मला मत नाही. शेवटी ११ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. आता टपालाने मत देता येतं. पाकीट मात्र मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ओटावात पोहोचलं पाहिजे.

सदरलंड यांच्या घरातच या विषयाचा दुसरा धागा आहे. त्यांचा मुलगा किफर १९६६ मध्ये लंडनला जन्मला. त्याचे आईकडचे आजोबा म्हणजे टॉमी डग्लस, सस्कॅचवनमध्ये सरकारी आरोग्यविम्याचा पाया घालणारे. या विम्याचा कॅनेडियन माणसाला जेवढा अभिमान आहे तेवढा हॉकीचाही नसेल. पण तो पासपोर्टाबरोबर जात नाही. ओंटारियोत कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस राहिलात तर कार्ड चालू. म्हणून हिवाळ्यात फ्लोरिडाला पळणारे म्हातारे फ्रिजवर कॅलेंडर लावून तारखांवर खुणा करतात. पेन्शनचंही तेच. वयाच्या अठराव्या वर्षानंतर वीस वर्षं कॅनडात काढली असतील तरच वार्धक्य पेन्शन कायम परदेशात मिळत राहते. १ ऑगस्ट २०१५ पासून भारताशी सामाजिक सुरक्षा करार असल्याने इथली वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात, ही पुण्या-मुंबईत परतलेल्या अनेकांना उशिरा कळणारी चांगली बातमी.

या परतलेल्यांची घरं औंध-बाणेरकडे सहज भेटतात. मिसिसागाला दहा-बारा वर्षं काढलेली, पासपोर्ट बदललेली आणि आईवडिलांचं वय झालं म्हणून आलेली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून सगळ्यांकडे ओसीआय कार्ड. त्यावर इथे राहता येतं, काम करता येतं, मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची वारसाहक्काने आली तर गोष्ट वेगळी. ४ मार्च २०२१ नंतर कार्ड काढलेल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशात एनआरआय जागांवरच स्पर्धा करावी लागते, त्यामुळे दहावीनंतर घरात मिसिसागाचा विषय पुन्हा निघतो.

आणि आता १,०९५ चा. थोरला तिकडे जन्मला, त्याची काळजी नाही. धाकटी पुण्यात जन्मली. वंशाने कॅनेडियन, पहिली पिढी. तिला उद्या बाहेर मूल झालं तर तिचे दिवस मोजले जातील. म्हणून वॉटर्लूला चार वर्षांच्या पदवीसाठी पाठवायचं ठरतं आणि बाबा कागद घेऊन बसतात. सप्टेंबर ते एप्रिल २४२ दिवस, चोक ९६८. मे महिन्यात आंब्याला दरवर्षी घरी आली तर कमी पडतात. एक उन्हाळा तिकडेच राहिली तर आणखी १२३, म्हणजे १,०९१. लीप वर्षाचा एक धरा, १,०९२. तरीही तीन दिवस कमी.