वीस ग्रॅमचा शत्रू

न्यूझीलंडमध्ये घरामागच्या अंगणात उंदरांसाठी चाप लावणं हे चक्क देशकार्य मानलं जातं! माणूस पोहोचेपर्यंत त्या बेटांवर, किनाऱ्यावरचे सील वगळले, तर सस्तन प्राणी म्हणून होती फक्त वटवाघळं. दातांनी कुरतडणारा शत्रू कसा असतो, हे तिथल्या पक्ष्यांना, सरड्यांना आणि ‘वेटा’ नावाच्या जाडजूड किड्यांना ठाऊकच नव्हतं. माओरींच्या होड्यांतून किओरे हा उंदीर आला आणि युरोपीय जहाजांनी बाकीचे आणले. मोठे उंदीर, झाडांवर राहणारे पॉसम आणि मुंगसासारख्या स्टोटच्या कुळातले प्राणी २०५० पर्यंत देशातून संपवायचे, असं सरकारनं २०१६ मध्ये जाहीर केलं. वेलिंग्टनमध्ये कितीतरी अंगणांत कुंपणाच्या कडेला लाकडी पेटीतले चाप दिसतात. पक्षी आणि मांजरं वाचावीत म्हणून पेटी.

गंमत अशी, की त्या २०१६ च्या यादीत जेमतेम वीस ग्रॅमचा घरउंदीर नव्हताच. आणि मोठे उंदीर हटले, की हाच फोफावतो, कारण त्याला मारणारे आणि हुसकावणारे तेच असतात. मग वेट्यांवर आणि सरड्यांवर ताव मारायला हा मोकळा.

याला पकडणं म्हणजे याचा स्वभाव वाचणं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, कित्येक रात्री लांबूनच जातो. घरउंदीर उलटा. नवं काही दिसलं, की त्याच रात्री चौकशीला हजर! त्यामुळे त्याचा चाप एकाच कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नये, अधूनमधून जागा बदलावी. नजर अधू असल्यानं तो मिशा भिंतीला लावून पळतो. म्हणून चाप भिंतीशी काटकोनात हवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. त्याचा वावर थोडक्या मीटरांत असतो, तेव्हा एक जबरदस्त चाप लावण्यापेक्षा दोन-तीन मीटरांवर लहान लहान चार चाप बरे. मोठ्या उंदरांचा चाप त्याच्या वजनानं बऱ्याचदा उडतच नाही आणि स्वारी पीनट बटर चाटून निघून जाते. आमिष मसूरडाळीच्या दाण्याएवढंच घ्यावं, पण घट्ट दाबून बसवावं. ते ओढायला तो झटला पाहिजे.

घाई मात्र हवी. मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. आठवड्यातून एकदा एक चाप तपासणारा माणूस या हिशेबात हरतोच.

पूर्ण विजयही मिळालाय, पण दूर समुद्रात. अँटिपोडीज बेटावर २०१६ च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त ठरलं. वेलिंग्टनच्या झीलँडिया अभयारण्याला सुमारे साडेआठ किलोमीटरचं खास कुंपण आहे. त्यानं मोठे उंदीर, स्टोट, मांजरं रोखली. घरउंदीर मात्र आत आहेतच; त्यांची संख्या आटोक्यात ठेवणं हे तिथलं कायमचं काम आहे.