इंजिनाचा श्वास किती मोठा असावा?

बोईसरच्या एखाद्या गॅरेजमध्ये गाडी उभी करून पंचविशीतला तरुण मेकॅनिकला विचारतो, "दादा, मोठ्यात मोठा टर्बो कुठला बसेल?" मेकॅनिक भला असेल तर उलट विचारतो, "चालवणार कुठे?" बरेचदा हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. टर्बोची निवड मात्र त्याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. हे समजून घ्यायला मोटारीच्या आधी आपली छाती पाहिलेली बरी.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जीव तोडून पळणारा धडधाकट खेळाडू दीडशे लिटरपर्यंत जातो. दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर ते त्याच मिनिटात सुमारे 4500 लिटर हवा ओढतं. वजनात मोजली तर ही हवा पाच किलोच्या आसपास भरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते. म्हणजे पेट्रोल कितीही ओतता आलं, तरी ताकदीची मर्यादा हवाच ठरवते. मोटारवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की मिनिटाला अर्ध्या किलोला थोडी कमी हवा मिळाली की दहा अश्वशक्ती मिळते. पाच किलोत साधारण 110 अश्वशक्ती. 220 हवी असेल तर त्याच फुप्फुसांत दुप्पट हवा कोंबावी लागेल. टर्बोचार्जर हेच काम करतो.

टर्बाइन हा शब्द या भागाला नवा नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रात 1969 पासून वाफेवर टर्बाइन फिरतं आहे. टर्बोचार्जरमध्ये वाफेऐवजी इंजिनाचा धूर असतो. जळलेल्या इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे वाया जाते. तो गरम धूर मुठीएवढ्या चाकावर सोडायचा आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची, एवढीच ही युक्ती. वीजकेंद्रातलं टर्बाइन 50 हर्ट्झच्या विजेशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते मिनिटाला फार तर 3000 फेरे घेतं. हे छोटं चाक एक ते दोन लाख फेरे घेतं, आणि तेही नऊशे अंश सेल्सियसच्या घरातल्या धुरात.

1905 साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं. पण तिची खरी परीक्षा झाली ती धाप लागण्यावरचा उपाय म्हणून. विमान उंच गेलं की हवा विरळ होते आणि गिर्यारोहकासारखं इंजिनही दमतं. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे 4300 मीटर उंच शिखरावर नेलं आणि टर्बो लावून त्याची समुद्रसपाटीवरची ताकद परत मिळवून दाखवली. पालघरचा किनारा समुद्रसपाटीलाच आहे. इथे टर्बो बसवणं हा आजारावरचा उपचार नसून निरोगी इंजिनाला दिलेला जादा डोस आहे. त्यामुळे डोस किती, हा प्रश्न आलाच.

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो तो याच कारणाने. मे महिन्यात बाहेर 35 अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा पुन्हा विरळ होते, म्हणजे कमावलेलं थोडं तिथेच गमावलं. शिवाय इतक्या गरम हवेत पेट्रोलचा काही भाग ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतो. इंजिनात खडखड ऐकू येते आणि पिस्टनला तडे जाऊ शकतात. म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. ज्याला टर्बो बदलायचा आहे, त्याने पहिला खर्च इंटरकूलरवर करावा. गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे, मनोर ते तलासरीच्या उन्हात, गाडीच्या नाकाशी वाराच लागत नसेल तर प्रयोगशाळेतल्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

आता खरी निवड. प्रत्येक टर्बोच्या हवा भरणाऱ्या बाजूचा एक नकाशा असतो आणि तो कंपनीकडून मिळतो. आडव्या रेषेवर हवा किती, उभ्या रेषेवर दाब किती. मध्ये बेटासारखी वर्तुळं असतात, आणि सर्वांत आतल्या बेटावर टर्बो कमीत कमी उष्णता करून काम करतो. नकाशाच्या डाव्या कडेपलीकडे गेलं की दाबलेली हवा पुढे जायला जागा न मिळाल्याने मागे उसळते आणि चाकाची पाती फडफडतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणारा तो 'तुतुतुतु' आवाज अनेक तरुणांना मर्दुमकीचा वाटतो. ती टर्बोला लागलेली उचकी आहे, आणि सतत लागली तर बेअरिंग खाते. उजव्या कडेला हवेचा वेग इतका वाढतो की चाकाचा घसा भरतो. मग फेरे वाढले तरी हवा वाढत नाही, नुसती उष्णता वाढते. आपलं इंजिन ज्या फेऱ्यांत जास्तीत जास्त वेळ असतं, ते बिंदू या नकाशावर मांडायचे आणि ते बेटाच्या पोटात पडतात का, ते पाहायचं. हे काम कागद-पेन्सिलने अर्ध्या तासात होतं.

धुराच्या बाजूचा प्रश्न दम्याच्या रुग्णाला लगेच कळेल. दम्यात हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. जुनी हवा छातीत साचते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. धुराचं आवरण लहान निवडलं तर वाट अरुंद होऊन धुराचा झोत जोरात बसतो आणि चाक लवकर फिरू लागतं. पण फेरे वाढल्यावर तीच अरुंद वाट धूर अडवते आणि जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो. आवरण मोठं घेतलं तर वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळा श्वास घेतं, खाली मात्र टर्बो झोपलेला असतो.

चाक मोठं घेण्याची किंमत तर वाटते त्याहून फार जास्त आहे. आकार तोच ठेवून चाकाचा व्यास फक्त 20 टक्के वाढवला, तर त्याला फिरवायला लागणारं जडत्व जवळपास अडीच पट होतं. पाय दाबल्यापासून ताकद येईपर्यंतच्या या उशिराला मोटारवाले 'लॅग' म्हणतात.

शर्यतीत हा उशीर चालतो. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अशा शर्यतीत इंजिन सुरुवातीपासूनच वरच्या फेऱ्यांवर असतं, समोर मोकळी सरळ पट्टी असते, चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि आडवं कुणी येत नाही. तिथे मोठा टर्बो शोभतो. बोईसर-चिल्हार रस्त्यावर गाडीचे फेरे बहुतेक वेळ 1500 ते 3000 च्या दरम्यान असतात. पुढे रसायनांचा टँकर, बाजूला रिक्षा, पाळी सुटल्यावर एमआयडीसीतून निघालेल्या मोटरसायकलींची रांग. तरुण टँकर ओलांडायला पाय दाबतो आणि काहीच होत नाही. तो आणखी दाबतो. दोन-तीन सेकंदांनी, गाडी समोरच्या वाहनांच्या वाटेत असताना, 220 अश्वशक्ती एकदम येते आणि पावसाळा असेल तर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. माणसाला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. ताशी 80 किलोमीटर वेगाने तेवढ्यात 22 ते 33 मीटर अंतर कापलं जातं. टर्बो बदलून हा सेकंद कमी होत नाही.

4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी सुरक्षा उपकरणांनी सज्ज होती. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या कंपनीच्या अहवालानुसार, धडकेआधी पाच सेकंद वेग ताशी 100 किलोमीटर होता आणि धडकेच्या वेळी 89. मागच्या सीटवरच्या दोघांचा मृत्यू झाला. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ताशी 89 किलोमीटरची धडक म्हणजे साधारण दहा मजल्यांवरून खाली पडणं. ताशी 150 ला तोच हिशेब एकोणतीस मजल्यांच्या आसपास जातो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. अशा धडकेत छातीची फासळी न मोडताही महाधमनी फाटू शकते, कारण धड थांबतं आणि आतलं हृदय पुढे जात राहतं. टर्बोवर लाखभर रुपये घालणाऱ्याने तेवढ्याच गांभीर्याने ब्रेक, टायर आणि मागच्या सीटचे पट्टे पाहायला हवेत.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट होते. मोठा टर्बो जागा होण्याआधीच जादा इंधन सोडलं जातं आणि मागे काळ्या धुराचा लोट निघतो. कित्येक जण धूर गाळणारी जाळीही काढून टाकतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. तिथल्या नाक्यावर बसची वाट पाहणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांत आधीच काय काय गेलेलं असतं!

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. तसा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनी दावा नाकारू शकते, ही गोष्ट वेगळी. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला कारखान्यातूनच आलेला लहान, लवकर जागा होणारा टर्बो बरा, आणि शर्यतीची गाडी वेगळी ठेवून ट्रेलरवरून न्यावी. हौस महाग पडते, पण ती तशीच आहे.

टर्बोची गाडी आधीच घेतलेल्यांसाठी एक साधी गोष्ट. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. महामार्गावरून जोरात येऊन चिल्हार फाट्यावर चहाला थांबताना लगेच चावी फिरवू नये. इंजिन बंद झालं की तेलाचा पंप थांबतो, तापलेल्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळतं आणि त्याचा कोळसा साचतो. शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवावं, गाडी उभी केल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवावं, आणि मग चहा सांगावा.