‘आदिवासी’ म्हणजे नेमके कोण?

९ ऑगस्टला नंदुरबार, पालघर, गडचिरोलीत जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात आणि दरवर्षी तोच प्रश्न ऐकू येतो : हे मूळचे रहिवासी, तर मग बाकीचे काय उपरे? शब्दाची फोड करून अर्थ लावला की हा वाद अटळच. पण हा शब्द कसा रुजला ते पाहिले, तर त्यात इतरांना उपरे ठरवण्यापेक्षा वेगळे बरेच काही सापडते.

मुळात तो प्राचीन आहे, हाच गैरसमज. समूहाचे नाव म्हणून तो विसाव्या शतकात, प्रामुख्याने आजच्या झारखंडातील छोटा नागपूरच्या चळवळीत पुढे आला. तिथे १९३८ मध्ये आदिवासी महासभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी जयपाल सिंह मुंडा तिचे अध्यक्ष झाले. १९२८ च्या ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे हेच कर्णधार. मुंडा, उरांव, संथाळ, हो अशा वेगवेगळ्या जमातींना एकत्र उभे राहण्यासाठी एक नाव हवे होते, ते त्यांनी स्वतः निवडले. संविधान सभेतही जयपाल सिंहांनी याच शब्दाचा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा वेगळा होता : ही ढोबळ संज्ञा आहे, तिला नेमका कायदेशीर अर्थ नाही; ‘अनुसूचित जमाती’ म्हटले की जमातींची यादी करावी लागते आणि अर्थ पक्का होतो.

म्हणून ‘आदिवासी’ आणि ‘अनुसूचित जमाती’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांऐवजी वापरत असलो, तरी ते एक नव्हेत. कलम ३४२ खालची यादी राज्यागणिक बदलते. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. महादेव कोळी आपल्या यादीत आहेत. मुंबईचे मूळ रहिवासी म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते सोनकोळी मात्र नाहीत. १९६५ मध्ये या याद्यांचा फेरविचार करणाऱ्या लोकूर समितीने पाच निकष वापरले : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. यातली भाषा आज खटकते, खटकायलाच हवी. पण या भूमीवर आधी कोण आले, हा निकष त्यांत कुठेच नाही.

आसामचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. एकोणिसाव्या शतकात चहाच्या मळ्यांसाठी छोटा नागपूर आणि आसपासच्या मुलखातून मजूर नेले गेले. त्यांचे वंशज आज आसामात स्वतःला आदिवासी म्हणवतात. उलट ईशान्येतले नागा किंवा मिझो स्वतःसाठी हा शब्द सहसा वापरत नाहीत. म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ‘आदिवासी’ म्हणवत नाहीत आणि दूरवरून आणलेले म्हणवतात. नुसत्या शब्दार्थावर बोट ठेवणाऱ्याला हे कोडे सुटणार नाही. मळ्यातल्या त्या माणसांनी मुलूख सोडला, पण नाव आणि नाते सोडले नाही.

‘वनवासी’ म्हटले तर काय बिघडले, असेही विचारले जाते. बिघडते ते असे, की जंगलात राहणे ही राहण्याची जागा झाली, ओळख नव्हे. २००६ चा वनहक्क कायदासुद्धा हा भेद पाळतो. त्यात वननिवासी अनुसूचित जमाती वेगळ्या आणि ‘इतर पारंपरिक वननिवासी’ वेगळे. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. आणि मुंबईत आरेच्या पाड्यांवरचा वारली शहरात नोकरीला गेला, म्हणून तो वारली राहत नाही असे थोडेच आहे!

शेवटचा गैरसमज सगळे आदिवासी एकाच कुळीचे मानण्याचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या सुमारे ९.४ टक्के होती. त्यांत तीन भाषाकुळे नांदतात. सातपुड्यातली भिली मराठी-गुजरातीच्या आर्य कुळातली. गडचिरोलीतली गोंडी तेलुगू-कन्नडच्या द्राविड कुळातली. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे झारखंडच्या मुंडारी आणि संथाळीची नातेवाईक. त्यामुळे ‘आदिवासी भाषा’, ‘आदिवासी नृत्य’ असे एकवचनी बोलणे टाळावे आणि जमातीचे नाव घ्यावे. त्यातही गोंड हे नाव इतरांनी रूढ केलेले. त्यांचे स्वतःचे नाव कोयतूर.