कोण मोजतं, काय मोजतं

कामाच्या जागी सगळ्यांना सारखा वाव मिळतो की नाही, हे कंपन्यांना सांगणं हा आता एक रीतसर व्यवसाय झाला आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आठ मार्च जवळ आला की एचआर विभाग ‘डायव्हर्सिटी’वर एखादं सत्र ठेवतो. बाहेरून सल्लागार येतात, स्लाइड दाखवतात, प्रश्नोत्तरं होतात. सल्लागार काय म्हणाले यावर जेवणाच्या सुट्टीत थोडंफार बोललं जातं. पण ते कुठून आले, याआधी काय करत होते, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर सल्ल्याचा निम्मा उलगडा तिथेच होतो. या क्षेत्रातल्या जुन्या आणि वजनदार संस्थांपैकी एक, न्यूयॉर्कची ‘कॅटलिस्ट’, तिच्या प्रमुखांच्या पूर्वायुष्यातून वाचली तर हे नीट ध्यानात येतं.

कॅटलिस्ट १९६२ साली निघाली. ती नफ्यासाठी चालवलेली पेढी नाही. कंपन्या तिला आर्थिक पाठबळ देतात आणि त्या बदल्यात संशोधन, सल्ला आणि इतर कंपन्यांचे अनुभव त्यांना मिळतात. सुरुवातीचा हेतू मात्र अगदी आटोपशीर होता. लग्नानंतर घरी बसलेल्या, शिकलेल्या आयांना पुन्हा काम मिळावं, तेही अर्धवेळ.

हा हेतू संस्थापक फेलिस श्वार्ट्झ यांच्या आयुष्यातून सरळ निघाला होता. १९२५ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या फेलिस १९४५ मध्ये स्मिथ कॉलेजातून पदवीधर झाल्या. मुलींच्या त्या नामवंत कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ते खटकलं म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय मुलामुलींना कॉलेजप्रवेश आणि शिष्यवृत्त्या मिळवून देणारी संस्था उभी केली. पुढे वडील गेल्यावर त्यांनी भावाबरोबर घरचा कारखाना सांभाळला. मग तीन मुलं आणि घर यांत कित्येक वर्षं गेली. त्यातून बाहेर पडून कामाकडे वळताना त्यांनी कॅटलिस्ट सुरू केली आणि संचालक मंडळावर पाच कॉलेजांचे अध्यक्ष बसवले.

ही निवडच त्यांची रीत सांगून जाते. दाराबाहेर उभ्या असलेल्यांना गोळा करून घोषणा द्यायच्या नाहीत. दाराची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याच्याशी जाऊन बोलायचं. शिष्यवृत्त्यांच्या कामात त्या हे शिकल्या होत्या आणि कारखान्यात मालकाच्या खुर्चीतून जग कसं दिसतं तेही त्यांनी पाहिलं होतं. त्याच स्मिथ कॉलेजातून तीन वर्षं आधी बाहेर पडलेल्या बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये ‘द फेमिनिन मिस्टिक’ लिहिलं आणि पुढे रस्त्यावरच्या चळवळीचं नेतृत्व केलं. श्वार्ट्झ यांनी कंपन्यांच्या केबिनचा रस्ता धरला.

त्यांचा पहिला मोठा प्रयोग बॉस्टनला झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कल्याण विभागाला समाजसेवक मिळत नव्हते, मिळाले तर टिकत नव्हते. कॅटलिस्टने पन्नास सुशिक्षित आया अर्धवेळ कामाला दिल्या. दोघी मिळून एका पूर्णवेळ पदाचं काम करणार होत्या. पुढे हिशेब मांडला तेव्हा अर्ध्या वेळात झालेलं काम अर्ध्याहून बरंच जास्त भरलं आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण पूर्णवेळ कर्मचाऱ्यांपेक्षा खूप कमी निघालं. समतेचं तत्त्व न सांगता, ‘तुमची अडचण आहे, आमच्याकडे माणसं आहेत’ एवढ्यावर काम झालं. पुढची कित्येक वर्षं कॅटलिस्ट याच भाषेत बोलत राहिली.

या भाषेची किंमत १९८९ मध्ये मोजावी लागली. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या जानेवारी-फेब्रुवारी अंकात श्वार्ट्झ यांनी लेख लिहिला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं, की व्यवस्थापनात पुरुषापेक्षा बाई कंपनीला महाग पडते. बाळंतपणानंतर अनेकजणी नोकरी सोडतात, त्यांच्या प्रशिक्षणावरचा खर्च वाया जातो. त्यांचा पुढचा मुद्दा असा होता, की हा खर्च बाईच्या स्वभावातून येत नाही. कंपन्यांचे नियम तिला घर आणि नोकरी यांतलं एकच निवडायला लावतात, त्यातून तो होतो. उपायही त्यांनी सुचवला. काही स्त्रियांना करिअर सर्वांत आधी ठेवायचं असतं, त्यांना पुरुषांइतकीच मोकळी वाट द्या. बहुतेकींना करिअर आणि मुलं दोन्ही हवं असतं, त्यांना काही वर्षं लवचिक वेळा द्या; त्या मधल्या फळीत उत्तम काम करतील.

मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या वादाची बातमी केली आणि ‘मॉमी ट्रॅक’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. लेखात हे शब्द नव्हते, पण ते श्वार्ट्झ यांना कायमचे चिकटले. संसद सदस्य पॅट श्रोडर यांच्यासारख्या स्त्रिया संतापल्या. त्यांचा आक्षेप बिनतोड होता: बाप कुठे गेला? दोन गट पाडायचे तर ते फक्त बायकांचेच का? आणि बाई महाग पडते हे एका स्त्रीसंस्थेच्या प्रमुखानेच लिहून दिल्यावर बढती नाकारणाऱ्या साहेबाला दुसरा पुरावा कशाला हवा?

लेखाचा रोख आजही दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पण तो कुणी लिहिला हे लक्षात घेतलं की त्याचं कोडं सुटतं. स्वतः मुलांसाठी काही वर्षं काढलेली आणि कारखान्याचा ताळेबंद पाहिलेली बाई मालकाला मालकाच्याच हिशेबात समजावत होती. बाळाला कोण सांभाळणार, हा प्रश्न तिच्या पिढीत नवऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. तो लेखातही विचारला गेला नाही.

१९९३ मध्ये श्वार्ट्झ निवृत्त झाल्या आणि शीला वेलिंग्टन आल्या. त्यांचं शिक्षण येल विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य आणि नगर-अभ्यास या विषयांत झालेलं होतं. कनेक्टिकटमधली मानसिक आरोग्य केंद्रं त्यांनी चालवली होती आणि पुढे येलच्या सचिवपदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. सार्वजनिक आरोग्याच्या कामाचा पहिला धडा असा, की आजाराशी झुंजण्याआधी रुग्ण मोजा. याचा थेट परिणाम म्हणून पुढचं घडलं, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्या काळात कॅटलिस्ट शिरगणती करणारी संस्था झाली. फॉर्च्यून ५०० कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बायका किती आणि वरच्या अधिकारपदांवर किती, याचे आकडे नियमित येऊ लागले. कंपन्यांचे जाहीर अहवाल काढायचे, एकेक नाव टिपायचं, मग यादी कंपनीकडे पाठवून खात्री करून घ्यायची. काम रुक्ष, पण आकड्यांशी वाद घालता येईना. १९९५ मध्ये संचालकांच्या जागांवर ९.६ टक्के आणि वरिष्ठ अधिकारपदांवर ८.७ टक्के स्त्रिया होत्या. कंपनीचं नाव यादीत शून्यासमोर छापून यायला लागलं की अध्यक्षांना खुलासा करावा लागे.

१९९६ च्या पाहणीत तर याहून बोलका तपशील हाती आला. स्त्रिया वर का पोचत नाहीत, हा एकच प्रश्न कॅटलिस्टने मोठ्या पदांवरच्या स्त्रियांना विचारला आणि कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही. अधिकाऱ्यांपैकी ८२ टक्के म्हणाले, त्यांना नफ्या-तोट्याची थेट जबाबदारी असलेल्या कामाचा अनुभव नसतो. स्त्रियांनी सर्वाधिक बोट ठेवलं ते पुरुषांच्या ठरीव समजुतींवर, ५२ टक्के; त्याखालोखाल, अनौपचारिक बैठकांतून त्यांना वगळलं जातं यावर. दोन्ही उत्तरं एकत्र वाचायला हवीत. कारखाना, विक्री, एखादी शाखा सांभाळणं ही कामं बाईला दिली गेली नाहीत म्हणूनच तिला अनुभव नव्हता, आणि ती न देण्याचं कारण त्या समजुतींत होतं. ज्यांनी काम दिलं नाही तेच अनुभव नाही म्हणून सांगत होते. ज्या अनौपचारिक बैठकांत ते हे बोलत तिथे बाई नव्हती, म्हणून त्यांना हे कुणी सुनावलंही नव्हतं.

२००३ मध्ये प्रमुखपदी आलेल्या आयलीन लँग सॉफ्टवेअर धंद्यातल्या. हार्वर्डच्या एमबीए; लोटस कंपनीत मोठ्या पदावर होत्या आणि गूगलच्या आधी गाजलेल्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या कंपनीच्या पहिल्या मुख्याधिकारी. त्यांच्या काळात मोजमापाची पट्टी बदलली. बायका किती, याच्या जोडीला बायका असल्याने नफा किती, हा प्रश्न आला. २००४ च्या अहवालात ३५३ कंपन्यांची वरिष्ठ पदांवरच्या स्त्रियांच्या प्रमाणानुसार चार गटांत विभागणी केली होती. स्त्रिया सर्वांत जास्त असलेल्या गटात भागभांडवलावरचा परतावा सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा ३५.१ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा पुढे जगभरच्या स्लाइडवर झळकला. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. चांगल्या चालणाऱ्या कंपनीला नव्या वाटा चोखाळणं परवडतं, हेही खरं असू शकतं. अहवालात हा संबंध कार्यकारण म्हणून मांडलेला नव्हता, पण स्लाइडवर तो बारीक टाइप कोण वाचतो?

लँग यांच्या नंतर २०१४ मध्ये कॅनडातल्या धोरणक्षेत्रातून आलेल्या डेबोरा गिलिस, २०१८ मध्ये आयबीएम, तंत्रज्ञान कंपन्या आणि अमेरिकी परराष्ट्र खातं असा प्रवास केलेल्या लॉरेन हॅरिटन आणि २०२४ मध्ये नेतृत्व-प्रशिक्षणाचा व्यवसाय चालवलेल्या जेनिफर मॅककॉलम अशी ही परंपरा पुढे गेली. पुरुषांना या कामात सामील करून घेणारा उपक्रम लँग यांच्या अखेरच्या वर्षांत सुरू झाला होता, तो पुढे वाढला. म्हणजे १९८९ मध्ये लेखात न दिसलेला बाप कॅटलिस्टच्या कार्यक्रमात दिसायला वीसेक वर्षं लागली.

कॅटलिस्टच्या या वाटचालीबरोबर अमेरिकेत दुसऱ्या मुळांतूनही हा व्यवसाय वाढत होता. प्राइस कॉब्स हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. १९६८ च्या ‘ब्लॅक रेज’ या पुस्तकाचे सहलेखक. ते कंपन्यांच्या सल्लागारीत आले तेव्हा माणसांना समोरासमोर बसवून मनातला राग आणि भीती बोलती करण्याची पद्धत घेऊन आले. रूझवेल्ट थॉमस हार्वर्डमध्ये व्यवस्थापनात डॉक्टरेट केलेले. १९८४ मध्ये त्यांनी अटलांटात मोअरहाउस कॉलेजच्या आश्रयाने संस्था काढली. माणसं निवडताना समता पाळली तरी नंतर व्यवस्थापन तेच राहिलं तर ती टिकणार नाहीत, असं ते सांगत. मनाचा डॉक्टर मनाला हात घालतो, व्यवस्थापनाचा प्राध्यापक पद्धत बदलायला सांगतो, आरोग्यखात्यातून आलेली बाई मोजते, सॉफ्टवेअर कंपनीची मुख्याधिकारी परतावा दाखवते. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं, पण ते त्याच्या खिडकीतून दिसेल तेवढंच असतं.

कॅटलिस्टच्या खिडकीतून काय दिसलं नाही, हेही त्यामुळे सांगता येतं. स्मिथ, येल, हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशा ठिकाणांहून आलेल्या प्रमुखांनी मॅनेजरीण, संचालिका आणि एमबीए झालेली मुलगी बारकाईने पाहिली. रात्रपाळीची नर्स, दुकानातली कॅशियर, कार्यालय झाडणारी बाई मात्र बराच काळ त्यांच्या मोजणीच्या मध्यभागी आली नाही. शिवाय पैसा कंपन्यांचा. कंपनीचं चुकतं हे कंपनीलाच सांगायचं, तेही तिने पुढच्या वर्षी पाठ फिरवू नये अशा बेताने, ही कसरत संस्थेच्या रचनेतच आहे. नफ्याच्या भाषेची एक मर्यादा तर अलीकडे उघडच झाली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९६५ चा, सरकारी कंत्राटदारांना समान संधीचं बंधन घालणारा आदेश रद्द केला आणि त्या सुमारास कित्येक बड्या कंपन्यांनी विविधतेचे कार्यक्रम आवरते घेतले. फायदा आहे म्हणून स्वीकारलेली गोष्ट जोखीम वाटू लागताच सोडताही येते.

माणसाचं पूर्वायुष्य त्याचा सल्ला घडवतं, याचं एक वेगळं रूप महाराष्ट्रात, पुण्यात दिसतं. २००५ मध्ये ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’, म्हणजे डिक्की, स्थापन करणारे मिलिंद कांबळे स्थापत्य अभियंता आणि बांधकाम कंत्राटदार. कंत्राटदाराला ठाऊक असतं की पैसा नोकरीपेक्षा ऑर्डरमध्ये फिरतो. त्यामुळे डिक्कीने कंपन्यांना नोकऱ्यांबरोबर, किंबहुना त्याहून जास्त, माल आणि कामं आमच्याकडून घ्या असं म्हटलं. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २० टक्क्यांपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून व्हावी, अशी तरतूद आली. परदेशी नमुन्यावरून भरून घेतल्या जाणाऱ्या विविधतेच्या फॉर्मात जातीचा रकाना बहुधा नसतो. कंत्राटदाराच्या टेबलावर तो प्रश्न आपोआप आला.

मोजणाऱ्याइतकंच, जो मोजला जातो त्याचंही पूर्वायुष्य पाहावं लागतं, हे आपल्याकडच्या कंपनी कायद्याने दाखवून दिलं. २०१३ च्या कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणं सक्तीचं केलं. अनेक प्रवर्तकांनी बायकोला, मुलीला, बहिणीला खुर्चीत बसवून रकाना भरला. आकडा वाढला आणि टेबलाभोवतीचं घर तेच राहिलं. शेवटी कोटक समितीच्या शिफारशींनंतर सेबीने एप्रिल २०१९ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या पाचशे कंपन्यांना आणि एप्रिल २०२० पासून पहिल्या हजार कंपन्यांना स्वतंत्र स्त्री-संचालक नेमणं बंधनकारक केलं. बाई आहे का, एवढं विचारून भागलं नाही. ती कोणाची कोण लागते आणि तिने आधी काय काम केलं आहे, हेही नियमाला विचारावं लागलं.