बाबूचा कान पुन्हा फुटला

बंदीचे दिवस, होडी वर काढलेली, आणि आमच्या दीड वर्षाच्या बाबूचा कान सहा महिन्यांत तिसऱ्यांदा वाहायला लागला. आधी दोनदा लसूण घालून कढवलेलं खोबरेल आम्हीच कानात सोडलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, पडदा फुटलेल्या कानात तेल अजिबात नको. लहान पोरांची नाकामागून कानात जाणारी नळी आखूड, आडवी. सर्दी झाली की जंतू तिथून चढतात. निजवून बाटली पाजणं नि चुलीचा धूर, दोन्ही आमच्याच घरचं! ते बंद केलं. ताप उतरला की औषध सोडायची सवयही. तुमच्याकडे असं वारंवार होत असेल तर थांबू नका; आत पाणी साचून राहिलं की पोराला कमी ऐकू येतं, बोलणं लांबतं. बाबूची ऐकण्याची तपासणी नारळी पौर्णिमेनंतर आहे.