पाव मैलातले ३२० फूट का कमी केले?

मागच्या भागानंतर एका तरुणाने विचारलं, "सर, वेगाची आवड असणं चूक आहे का?" अजिबात नाही. तुमच्या वयात मीही मोटारसायकल पळवली आहे. प्रश्न आवडीचा नाही, तिला शिस्त कोण लावतं याचा आहे. म्हणून आज अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची गोष्ट सांगतो.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या. दिवा हिरवा झाला की सुटायचं, जो आधी टोक गाठेल तो जिंकला. अंतर ठरलेलं, पाव मैल. म्हणजे १,३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या गाड्यांची इंजिनं खोलून, जोडून भर रस्त्यावर शर्यती लावत. त्यांत सैन्यातून परतलेलेही होते. पोलीस आणि नागरिक दोघेही वैतागले. १९५० मध्ये सांता अ‍ॅना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पोरांना नुसतं हाकलून लावण्यापेक्षा त्यांना जागा द्यायची आणि नियम द्यायचे, हा विचार. १९५४ पासून 'सेफ्टी सफारी' नावाचं त्यांचं छोटं पथक गावोगाव फिरून शर्यत कशी भरवायची, गाडी कशी तपासायची हे शिकवू लागलं. सुरक्षेची पहिली पायरी ही होती.

पण गाड्यांचा वेग नियमांच्या पुढे धावत होता. नुसत्या ब्रेकवर गाडी थांबेना, म्हणून मागे पॅराशूट आलं. चालक भाजू लागले, म्हणून सहज पेट न घेणाऱ्या नोमेक्स कापडाचे सूट आले. तरी मोठा धोका तसाच होता. त्या काळी इंजिन चालकाच्या पुढे असायचं आणि गिअरची यंत्रणा थेट त्याच्या पायांपाशी. फुटलं तर सगळं त्याच्याच अंगावर.

८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स पट्ट्यावर नेमकं तेच झालं. डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीची ट्रान्समिशन सुटतानाच फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले, त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. बरे होताना त्यांनी ठरवलं, इंजिन चालकाच्या मागे न्यायचं. तशा गाड्या आधी कोणी केल्या नव्हत्या असं नाही, पण त्या सरळ धावत नसत. गार्लिट्स आणि त्यांच्या साथीदारांनी स्टिअरिंग मुद्दाम मंद केलं, म्हणजे चाक तेवढंच फिरवलं तरी पुढची चाकं कमी वळावीत. गाडी सरळ धावू लागली. १९७१ च्या सुरुवातीला पोमोना इथली मोठी शर्यत त्यांनी त्याच गाडीने जिंकली. काही वर्षांतच पुढे इंजिन असलेल्या त्या गाड्या मोठ्या शर्यतींतून हद्दपार झाल्या.

पुढे १९९२ मध्ये केनी बर्नस्टीन यांनी ताशी ३०० मैलांचा, म्हणजे ४८० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. २००७ मध्ये एरिक मेडलेन हा तरुण चालक सरावात गेला. टायर बिघडून गाडी इतकी थरथरली की आतल्या पोलादी पिंजऱ्यावर डोकं आपटूनच जीवघेणी इजा झाली. त्यानंतर पिंजरा रुंद झाला, त्याचं अस्तर जाड झालं.

२१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाऊन इथे स्कॉट कॅलिटा यांच्या गाडीचं इंजिन फुटलं. पॅराशूटचा उपयोग झाला नाही. गाडी टोकाची वाळू ओलांडून गेली आणि ते दगावले. दोन आठवड्यांच्या आत संघटनेने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी अंतर १,००० फूट केलं. ज्या पाव मैलावर हा खेळ उभा राहिला, तोच कापला! रसिक नाराज झाले, तरी निर्णय टिकला.

३२० फुटांनी काय होतं? हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला तर थांबवायची ऊर्जा चौपट होते. शर्यत लवकर संपली की शेवटचा वेग थोडा कमी राहतो, आणि थांबायला जवळजवळ ९७ मीटर जास्त मिळतात. फायदा दोन्हीकडून. पुढे इंजिन आपोआप बंद करणारी आणि पॅराशूट आपोआप उघडणारी यंत्रणाही आली.

आता माझी गोष्ट. डोंगराळ भागात पोस्टिंग असताना आमची एक गाडी वळणावरून घसरली, दोन जवान जखमी झाले. चौकशी माझ्याकडे होती. 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहून मी मोकळा होणार होतो. आमचे सुभेदार साहेब हळूच म्हणाले, "साहेब, ड्रायव्हर उद्या नवा येईल. वळण तेच राहील." मी कागद फाडला आणि पुन्हा त्या वळणावर गेलो. कडेला साधा कठडासुद्धा नव्हता. तो बांधून घेतला, मगच अहवाल दिला.

ड्रॅग रेसिंगवाल्यांनी वळणच बदललं. चालक चुकला का, एवढं विचारून ते थांबले नाहीत. तोच चालक उद्या पुन्हा चुकला तर वाचेल कसा, हेही त्यांनी विचारलं.

आपल्याकडेही रात्री मोकळ्या हायवेवर आणि फ्लायओव्हरवर पोरं शर्यती लावतात. दुसऱ्या दिवशी फोटोला हार. त्यांना दरडावून भागणार नाही, रीतसर ट्रॅक आणि गाडीची तपासणीही द्यावी लागेल. आणि पोरांनो, तुम्हालाही सांगतो. हेल्मेट घालणारा भित्रा नसतो. पलटणीतला सर्वांत धाडसी जवानच आपलं पॅराशूट दोनदा तपासतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.